पाल्याला सीओए नसतो

रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी क्यूसी, म्हणजे मालाच्या दर्जाची तपासणी, बघते. आम्ही दुसऱ्यांच्या लेबलची मलमं बनवतो. भेगांचं, खाजेचं, भाजल्यावर लावायचं, आणि मधूनच एखादं गोरेपणाचं, ज्याबद्दल मी घरी बोलत नाही. या नोकरीने एक खोड लावली आहे. कुणी ‘निसर्गातून आलेलं’ म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो: कुठून आलं, कधी आलं, बॅच नंबर काय आणि सीओए कुठाय?

सीओए म्हणजे कच्च्या मालाच्या प्रत्येक पिंपाबरोबर येणारा तपासणीचा कागद. शुद्धता, ओलावा, जड धातू, सगळं त्यावर असतं. तो नसेल तर माल गेटातून आत आला तरी क्वारंटाइनमध्येच पडून राहतो. प्रॉडक्शनवाले कितीही ओरडोत.

माझी भाची ठाण्यात एमएस्सी करते. तिच्या प्रोजेक्टचं शीर्षक तीन ओळींचं आहे, पण मतलब इतकाच की कडुनिंबाच्या पाल्याने चांदीचे नॅनोकण, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे कण, करायचे, ते क्रीममध्ये घालायचे आणि ते क्रीम त्वचेवरचे जिवाणू मारतं असं दाखवायचं. जानेवारीत तिने एका फ्लास्कचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘मावशी, रंग आला!!’

रंग येतोच. तिला तसं कळवलं नाही, शाबासकीचा अंगठा पाठवला. पण हा रंग येणं हा या सगळ्या उद्योगातला सर्वांत सोपा भाग आहे, आणि बहुतेक प्रोजेक्ट तिथेच नारळ फोडून मोकळे होतात.

कृती अशी. वीसेक ग्रॅम पाला धुवायचा, चिरायचा, १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात काही मिनिटं उकळायचा आणि गाळायचा. हा काढा १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात घालायचा, साधारण एकास नऊ. पाल्यातली पॉलिफेनॉल आणि फ्लॅव्होनॉइड चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात. आयनाचा धातू होतो, अणू एकमेकांना चिकटत जातात आणि फिकट पिवळं पाणी तपकिरी होतं. तो रंग पाल्याचा नाही, चांदीचा. इतक्या बारीक कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकदम हलतात आणि ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला जांभळा-निळा प्रकाश गिळतात. उरलेला पिवळा-तपकिरी आपल्याला दिसतो. बारीक म्हणजे किती, तर २० नॅनोमीटरच्या एका कणात चांदीचे जेमतेम अडीच लाख अणू.

पाणी डिस्टिल्डच लागतं. नळाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घाला, लगेच दुधाळ होतं. पाण्यातलं क्लोराइड चांदीला पकडून सिल्व्हर क्लोराइड करतं, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. आमच्या लॅबमध्ये कच्च्या मालातलं क्लोराइड तपासतात ते याच दुधाळपणावरून. क्लोराइडची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे क्रीममध्ये ती पुन्हा आडवी येते.

या कामात आपल्याकडची माणसं फार आधीपासून आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, मुरली शास्त्री आणि अबसार अहमद यांच्या गटाने आधी फ्युजेरियम बुरशी वापरून चांदीचे कण केले, मग जिरेनियमच्या पानांनी केले, आणि २००४ मध्ये कडुनिंबाच्या काढ्याने चांदीचे, सोन्याचे आणि सोन्याभोवती चांदीचं कवच असलेले कण केल्याचा निबंध आला. त्यानंतर तुळस, कोरफड, पेरू, शेवगा, ज्याच्या अंगणात जे झाड त्याचा निबंध निघाला. औषधातली चांदी तर त्याहून जुनी. जर्मन डॉक्टर क्रेडे यांनी १८८१ मध्ये नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालून जंतुसंसर्गाने येणारं अंधत्व रोखण्याची पद्धत मांडली. आणि आपल्या प्रत्येकाच्या बोटाला सिल्व्हर नायट्रेट लागलेलं आहे: मतदानाच्या शाईत तेच असतं. कातडीवर, उजेडात ते काळं पडतं आणि नख वाढेपर्यंत जात नाही. भाचीची बोटंही सध्या तशीच आहेत. लोकलमध्ये एका बाईंनी तिला विचारलं म्हणे, कुठे आहेत निवडणुका?

तर पाला. तो दोन कामं करतो. एक, आयनाला धातू करतो. हे काम इतर पुष्कळ गोष्टी करतात. सायट्रेट करतं, सोडियम बोरोहायड्राइड तर चुटकीसरशी करतं. दुसरं काम खरं मोलाचं. काढ्यातले रेणू आणि प्रथिनं त्या कणांभोवती आवरण धरतात, त्यांच्यावर बहुधा ऋण विद्युतभार ठेवतात आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. कण केवढा होणार, किती दिवस टिकणार, आयन किती वेगाने सोडणार, हे सगळं त्या आवरणावर ठरतं. आणि ते आवरण कशाचं आहे हे नेमकं सांगता येत नाही, कारण ते पाल्याचं आहे.

मी भाचीला विचारलं, पाला कुठला? म्हणाली, आपल्याच झाडाचा. ‘आपलं झाड’ म्हणजे कोपरीत आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून असलेला कडुनिंब. एका बाजूला गाड्यांचा धूर, दुसऱ्या बाजूने खाडीचा वारा. जानेवारीत त्याची पानं वर्षभराची जून, गडद. फाल्गुनात ती गळतात. पाडव्याला आपण गुढीला जो पाला बांधतो आणि गूळ घालून तोंड वाकडं करत खातो, तो तांबूस, कोवळा, चैत्राच्या तोंडावरचा. आणि पावसाळ्यानंतरची पानं आणखी तिसरीच. झाड तेच, वजन तेच २० ग्रॅम, उकळणं तेवढंच, पण काढ्यात उतरणारं रसायन वेगळं. भाचीने पाडव्याच्या सुमारास कोवळ्या पाल्याचा काढा करून पाहिला. रंग आलाच. पण यूव्हीवर, म्हणजे कुठला प्रकाश किती गिळला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर, जानेवारीतला आलेख उंच आणि नेटका होता, हा बसका आणि उजवीकडे पसरलेला. पसरलेला म्हणजे लहानमोठे कण मिसळलेले, किंवा गोळे झालेले.

‘मग कुठला बरोबर?’ तिने विचारलं.

‘दोन्ही बरोबर. पण दोन्हीवर एकच लेबल लावता येणार नाही.’

माझं या विषयावर जे काही म्हणणं आहे ते एवढंच आहे. निबंधामागून निबंध वाचा, वनस्पतीचं शास्त्रीय नाव इटालिकमध्ये असतं, एक्सआरडीच्या, म्हणजे क्ष-किरणांनी केलेल्या स्फटिकांच्या तपासणीच्या, आलेखातली शिखरं असतात, कणांचे सुंदर फोटो असतात. पाला कुठल्या महिन्यातला, कोवळा की जून, काढ्यात एकूण फेनॉल, म्हणजे ते इलेक्ट्रॉन देणारे रेणू, किती, हे बहुतेक वेळा एका वाक्यात उरकलेलं असतं. जवळच्या झाडावरून ताजी पानं गोळा केली, संपलं. सिल्व्हर नायट्रेट मात्र ९९ टक्क्यांच्या वर शुद्ध, कंपनीच्या नावासकट. दोन कच्च्या मालांपैकी एकाची जन्मपत्रिका आणि दुसरा रस्त्यावरून उचललेला.

यावर उपाय आहे, फक्त तो कंटाळवाणा आहे. पाला एकदाच भरपूर गोळा करायचा, सावलीत वाळवायचा, दळायचा, एकत्र कालवून एकच लॉट करायचा आणि हवाबंद ठेवायचा. काढा केला की फोलिन-सिओकाल्टो पद्धतीने त्यातली एकूण फेनॉल मोजायची आणि ‘२० ग्रॅम पाला’ असं न लिहिता ‘मिलीमागे इतक्या मिलिग्रॅम गॅलिक ॲसिडइतकी फेनॉल असलेला काढा’ असं लिहायचं. कमी भरलं तर आटवायचं, जास्त भरलं तर पाणी घालायचं. काढा साठवायचा नाही, बुरशी येते. पीएच नोंदवायचा, कारण जरा अल्कली केलं तरी रंग झपाट्याने येतो आणि कणांचा आकार बदलतो. यात कुठे टाळ्या पडत नाहीत. पण पुढच्या मुलीला तीच वस्तू पुन्हा करता येते.

मग आली प्लेट. त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस ऑरियस जिवाणू पसरलेली, मध्ये भोकं पाडून क्रीम भरलेली. भोकाभोवती जिवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ, ज्याला सगळे झोन म्हणतात.

‘मावशी, झोन बघ केवढा!’

‘नुसत्या बेसचा बघू.’

‘बेसचा कशाला? त्यात काय आहे?’

‘त्यात मिथाइल पॅराबेन कुणी घातलंय?’

फोनवर जरा वेळ काहीच आलं नाही. क्रीमचा बेस म्हणजे पाणी आणि तेल. त्यात जंतू वाढू नयेत म्हणून आपणच प्रिझर्व्हेटिव्ह घालतो. ते प्लेटवरसुद्धा आपलं काम करू शकतं. म्हणून त्याच प्लेटवर चार शेजारी हवेत: नुसता बेस, नुसता काढा घातलेला बेस, तेवढीच चांदी नायट्रेटच्या रूपात घातलेला बेस, आणि मग आपलं लाडकं क्रीम. तिसरा शेजारी सर्वांत महत्त्वाचा. सगळं नायट्रेट काही कणांत रूपांतरित होत नाही. उरलेले आयन तिथेच पोहत असतात, आणि आयन हे नावाजलेले जंतुनाशक आहेतच. सेंट्रिफ्यूजमध्ये १० ते १५ हजार आरपीएमला कण खाली बसवून, वरचं पाणी टाकून, पुन्हा धुऊन घेतले नाहीत, तर झोन कणांचा की उरल्यासुरल्या नायट्रेटचा, हे कोण सांगणार?

शिवाय झोन मोठा म्हणजे औषध जोरकस, हेही खरं नाही. अगारमधून, म्हणजे प्लेटमधल्या जेलीतून, जे सहज पसरतं त्याचा झोन मोठा. कण जागचे फारसे हलत नाहीत. त्यातून सुटलेले आयनही अगारमधल्या क्लोराइडला आणि प्रथिनांना अडकतात. स्केल लावून मिलिमीटर मोजण्यापेक्षा ठरावीक वेळाने जिवंत जिवाणू किती उरले ते मोजणं कष्टाचं, पण त्याला अर्थ आहे.

कण स्वतः मारतात की आयन, यावर बरीच वर्षं वाद चालला. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये एक साधा, हुशार प्रयोग केला. ऑक्सिजन नसलेल्या हवेत चांदीचे कण ई. कोलायवर सोडले. ऑक्सिजन नाही म्हणून चांदीचं ऑक्सिडेशन नाही, म्हणून आयन सुटत नाहीत. जिवाणू खुशाल राहिले. म्हणजे कण हे मुख्यतः आयनांचं कोठार. आयन सुटले की ते जिवाणूच्या प्रथिनांतल्या गंधकाच्या गटांना धरतात, श्वसनाची एन्झाइम बंद पाडतात, पेशीचं आवरण ढिलं करतात. आता हे कोठार तेलकट क्रीममध्ये बुडवा आणि विचारा, आयन बाहेर येणार किती?

आणि मुळात चांदी आहे किती? भाचीला वहीत हिशेब मांडायला लावला. १ मिलिमोलर द्रावणात लिटरमागे १०८ मिलिग्रॅम चांदी. एकास नऊ काढा मिसळल्यावर साधारण ९७. १०० ग्रॅम क्रीममध्ये हे २० मिली घातलं तर किलोमागे १९ मिलिग्रॅमच्या आसपास. भाजलेल्या जखमांसाठी जगभर वापरलं गेलेलं सिल्व्हर सल्फाडायझिन क्रीम १ टक्क्याचं असतं. चार्ल्स फॉक्स यांनी ते १९६८ मध्ये पुढे आणलं. त्या रेणूत ३० टक्के चांदी, म्हणजे किलोमागे ३ ग्रॅम. दीडशे पटींचा फरक! ते औषध चांदी हळूहळू सोडतं, त्यामुळे सरळ भागाकार लावता येत नाही, हे मान्य. पण आपलं क्रीम कुठल्या मैदानात उभं आहे ते तरी कळतं.

बेसचे नखरे वेगळेच. स्टिअरिक ॲसिड आणि ट्रायइथेनॉलअमिनचं व्हॅनिशिंग क्रीम कॉलेजात सगळ्यांना जमतं, पण ते अल्कधर्मी होतं. त्वचेला मानवेल म्हणून पीएच साडेपाचकडे आणावा, तर पाल्याच्या आवरणावरचा ऋणभार कमी होतो, कण गोळा होतात आणि बदामी क्रीम राखाडी पडतं. मीठ असलेला कुठलाही घटक हेच करतो. घट्टपणासाठी कार्बोमर वापरला तर क्षारांमुळे त्याचा घट्टपणा जातो. वर क्लोराइड आहेच: घामात आहे, जखमेच्या स्रावात आहे, चांदी बाहेर पडते ना पडते तोच तिला धरायला उभं. भरायचं कशात, तर साध्या ॲल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये नाही. आतला लॅकरचा थर कुठे खरवडला असेल तिथे ॲल्युमिनियम चांदीच्या आयनांना परत धातू करून बसवतं. लॅमिनेटेड ट्यूब घ्यावी, आणि अपारदर्शक. हे सगळं झाल्यावर टिकाऊपणा तपासायला चेंबरमध्ये ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने. ठाण्यात जूनमध्ये पंखा बंद करून बसलात तर चेंबरच्या आत काय चालतं याची कल्पना येईल.

एवढं सांगितल्यावर कुणी ना कुणी विचारतंच की पाल्यापासून केलंय, चांदीचंय, मग अपाय काय होणार? बाळाचं उष्टावण चांदीच्या वाटीत करतो, मिठाईवर वर्ख खातो. वाटीतली चांदी जवळजवळ जागची हलत नाही, म्हणून ती वाटी. नॅनोकण करण्याचा सगळा हेतूच ती हलावी हा आहे. आणि जी चांदी जिवाणूला मारते ती जास्त झाली की आपल्या नव्या वाढणाऱ्या त्वचेच्या पेशींनाही मारते. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात भाजलेल्या जखमांवर सिल्व्हर सल्फाडायझिन इतर काही ड्रेसिंगच्या तुलनेत बरं होणं लांबवतं, असंच दिसलं. चांदीचं पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्यांची कातडी कायमची निळसर राखाडी होते, तिला अर्गिरिया म्हणतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, १९९९ मध्येच दुकानात मिळणाऱ्या अशा चांदीच्या औषधांना सुरक्षित आणि परिणामकारक मानायला नकार दिला. भाजलं असेल तर ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे, तिथे जावं. मावशीच्या भाचीचं क्रीम लावू नये. आणि घरी बनवून प्रदर्शनात विकायचा बेत असेल तर डब्यावर ‘जखमा बऱ्या करतं’ लिहिलं की ते कायद्याने औषध झालं, १९४० चा कायदा आणि परवाना त्यामागोमाग आलाच.

जिवाणूही स्वस्थ बसत नाहीत. बॉस्टनच्या एका रुग्णालयाच्या बर्न्स वॉर्डमध्ये सिल्व्हर नायट्रेटला न जुमानणारा साल्मोनेला सापडल्याचं १९७५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याची ती ताकद पुढे जनुकांपर्यंत शोधून काढली गेली. पण मला जास्त आवडली ती २०१८ मधली चेक संशोधकांची गोष्ट. त्यांनी ई. कोलायला चांदीच्या नॅनोकणांची पुन्हा पुन्हा सवय लावली. जिवाणूंनी जनुकं बदललीच नाहीत. त्यांनी फ्लॅजेलिन नावाचं चिकट प्रथिन जास्त बनवायला सुरुवात केली, त्याने कणांचे गोळे झाले आणि गोळे झालेले कण निकामी. कणांवर आणखी पॉलिमरचं आवरण चढवूनही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो डाळिंबाच्या सालीच्या अर्काचा. त्याने फ्लॅजेलिन बनणंच रोखलं.

हे वाचून मी रबाळे स्टेशनवर एक गाडी सोडली. झाडपाल्याचं इतकं नेमकं काम मी या विषयात दुसरीकडे वाचलेलं नाही. काढा चांदीचे कण करतो, पण ते काम सायट्रेटही करतं. इथे मात्र सालीने अशी जागा भरली जी पॉलिमरला भरता आली नाही. भाचीला पाठवलं तर लगेच उत्तर, ‘मावशी, डाळिंबाची साल घालू का क्रीममध्ये?’

‘सालीचा सीओए आण.’

रुसली होती जरा. पण आता तिने वाळवलेल्या पाल्याचा एकच लॉट केलाय, काढ्याची फेनॉल मोजते, यूव्हीचे आलेख एकमेकांवर ठेवून बघते. कणांचं उरलेलं पाणी सिंकमध्ये न ओतता कॅनमध्ये साठवते, कारण ते शेवटी खाडीतच जाणार. न बदललेल्या नायट्रेटमध्ये मीठ टाकलं की चांदी साका होऊन खाली बसते, ती वेगळी काढता येते. गाइडना शीर्षकात ‘क्रीम’ हवंच आहे, तिला आता ते काढून ‘प्रमाणीकरण’ घालायचंय. वाद चालू आहे. बेसची प्लेट घेऊन जा, असं मी तिला सुचवलंय.